खडकावरचं भात

माणसाच्या मनाच्या चार जमिनी असतात हे मला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक झालं, आणि त्यांतली खडकाची आपल्या वाट्याला आलेली आहे हेही जवळजवळ त्याच सुमाराला. बाबा मिशनचे उपदेशक होते आणि पेरणाऱ्याचा दृष्टांत हा त्यांचा जीव की प्राण. एक माणूस बी पेरायला जातो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं टिपतात. काही खडकाळ जागी पडतं. तिथं माती थोडी, म्हणून ते झटकन उगवतं आणि ऊन लागताच करपतं. काही काटेरी झुडपांत पडतं, ते झुडपं वाढू देत नाहीत. आणि काही चांगल्या जमिनीत पडतं, ते भरघोस पिकतं. बी म्हणजे देवाचं वचन आणि जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचं मन. एवढीशी गोष्ट. येशूने सांगितली तेव्हा घटकाभरातही आटपली असेल. बाबांनी तिच्यावर अख्खं आयुष्य काढलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून घरातल्या माणसांची त्या चार जमिनींत वाटणी करून टाकली. आई काटेरी, कारण तिला संसाराच्या चिंता फार. धाकटा शमुवेल सुपीक, कारण तो प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून स्वस्थ बसे. तो झोपलेला असतो हे मी कितीदा सांगूनही त्याची जमीन काही बदलली नाही. आणि मी खडक. कारण गोष्ट पटली की मी टाळ्या पिटायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीवर शंका काढायची. "करुणे, तुझं मन खडकाळ. उगवतं लवकर, वाळतं लवकर," असं बाबा म्हणत, तेही न रागावता, वैद्याने प्रकृती सांगावी तसं. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

आमचं घर मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, गावाच्या टोकाला होतं. पुढे प्रार्थनेची पडवी, मागे दोन खोल्या, परसात विहीर. पडवीच्या वाशाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बाबांनी तो शहापूरच्या बाजूने कुणा ओळखीच्या माणसाकडून मिळवला होता आणि बैलगाडीत घालून, वाटेत दोन नद्या ओलांडून, मोठ्या अपूर्वाईने घरी आणला होता. उजाडलं की ते त्यावर हातोडी हाणत. त्या आवाजाने गावातली सगळी कुत्री भुंकायला लागत, आणि प्रार्थनेला येऊन बसत ती आम्ही चार माणसं, जी आधीपासून तिथंच असायची. गावात ख्रिस्ती असं आमचं एकच घर होतं. आत चुलीवर आईने तांदळाच्या भाकऱ्या टाकलेल्या असत, निखाऱ्यावर सुकट भाजलेली असे, तो वास पडवीत येऊन नुसता छळायचा, आणि बाबांची प्रार्थना आजाऱ्यांवरून प्रवाशांवर, प्रवाशांवरून समुद्रातल्या खलाशांवर जायची. मुरबाड तालुक्यातून खलाशांची एवढी काळजी करणारं दुसरं कुणी नसेल. 'आमेन' पुरतं व्हायच्या आत आई उठलेली असे. "तुझं चित्त सगळं चुलीत," बाबा म्हणत. "मग कुठे ठेवू? चुलीतून काढलं तर भाकरी करपते," आई म्हणे. बाबा मान हलवत. काटेरी. प्रार्थना संपून पानावर बसेतो त्या भाकऱ्या गार झालेल्या असत. आज वाशिंदला मुलाच्या घरी सून गरमागरम पोळी पानात वाढते आणि मी ती गार व्हायची वाट बघत बसते. तिला वाटतं, म्हातारीचे नखरे.

संध्याकाळी मात्र पडवीत गाव येई. पेटीवर बाबा गीतं म्हणत, त्या पेटीची एक पट्टी कायम दबलेली असे आणि प्रत्येक गीतात ती आपला एकच सूर लावून बसे. पण लोकांना त्याचं काही नव्हतं. कंदील होता, गाणं होतं, गोष्ट होती. अडचण गोष्टीपासून सुरू व्हायची. आमच्या भागात शेतात बी फेकून भात पेरत नाहीत. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या पसरून पेटवायच्या, त्याला राब भाजणं म्हणतात. त्या राखेत बी टाकायचं, आणि रोपं वीतभर झाली की उपटून मोठ्या शेतात लावायची. त्यामुळे बाबांनी "एक पेरणारा बी पेरायला निघाला" म्हणायचा अवकाश, की शेजारचे धोंडूकाका मांडी बदलून बसायचे. "मास्तर, राब भाजलाता का त्यानं?"

"राबाचा इथं संबंध नाही, धोंडू."

"नाय कसा? राब नाय, नांगर नाय, आन् वाटंवर बी टाकीत सुटला? ह्यो मानूस येडा हाय."

"बी दुसऱ्याचं असंल," मागून कुणीतरी म्हणे.

"तसंच असंल. सोताचं बी असं कोन उधळंल?"

आणि मग पेरणाऱ्याची लायकी, त्याच्या बापाची शेती, त्याच्या बायकोने त्याला अडवलं का नाही, यावर वाद रंगे आणि मन नावाची जमीन कंदिलाच्या उजेडात कुठेही दिसत नसे. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली तर बाकीची मेंढरं रानात वाघाच्या तोंडी कशी दिली, हा सवाल. उधळ्या पोराची सांगितली, तर धोंडूकाकांची बायको ठमाकाकू डोळ्याला पदर लावून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "पन मास्तर, त्या पोराची आय कुठं व्हती?" बाबा पेटीवर पुढचं गीत धरत. लोक गेल्यावर ते पेटी झाकत म्हणत, "कान आहेत, पण ऐकत नाहीत." मला वाटे, ऐकतात की. तुमच्यापेक्षा जास्त ऐकतात. पण हे म्हणण्याची सोय नव्हती, म्हटलं की मी खडक.

हे सगळं सोसण्यासारखं होतं, पण त्या वर्षी माझं सगळंच त्या एका शब्दावर येऊन अडलं. गावची शाळा चौथीपर्यंत. मी चौथी होऊन घरी बसले होते. पुढे शिकायचं तर घाटावर मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात जायला हवं. दिवाळीनंतर तिथं थोड्या जागा होत, आणि कुणाला पाठवायचं ते पाद्रीबाबा ठरवीत. ते श्रावणात आमच्याकडे येत, तेव्हा उपदेशकाला विचारीत, मुलीच्या मनाची तयारी आहे का? दुसरा कुठलाही बाप "आहे" म्हणाला असता. आमच्या बाबांनी आदल्या वर्षी माझ्यासमोर सांगितलं होतं, "अजून नाही. मन खडकाळ आहे." खोटं बोलायचं नाही म्हणून. अंगाने थोराड झालेल्या मुली बोर्डिंगात घेत नसत आणि मी एरंडासारखी वाढत होते. शहापूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एक बाई येऊन माझी उंची न्याहाळून गेल्या होत्या, आणि त्यांना एक बिनलग्नाचा भाचा होता. हे वर्ष गेलं की शाळा गेली, हे मला कळत होतं, आईला कळत होतं, आणि बाबांना दुसऱ्यांची मनं ओळखण्यातून सवड नव्हती.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर बाबांच्या डोक्यात एक कल्पना आली. "यांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय कळायचं नाही," ते म्हणाले, आणि एका सकाळी रूळ बडवून त्यांनी गाव गोळा केलं. परसात त्यांनी चार जागा आखल्या होत्या. विहिरीकडे जाणारी तुडवलेली वाट. तिच्या पलीकडे परसातून वर आलेला काळा खडक, ज्यावर चार बोटं माती साचलेली. कुंपणालगत करवंदीची जाळी. आणि गोठ्यामागची शेणाची, काळीभोर जमीन. बाबांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि प्रत्येक ठिकाणी मूठ मूठ भात फेकलं. आई दारातून बघत होती. तिने ते भात बियाण्याचं म्हणून निवडून, पाखडून ठेवलं होतं. वाटेवरचं भात आमच्याच कोंबड्यांनी लोक पांगायच्या आत टिपून टाकलं. "पाहिलंत?" बाबा आनंदाने म्हणाले. "पाह्यलं," धोंडूकाका म्हणाले, आणि त्यांनी माझ्या आईकडे असं बघितलं, जणू घरात कुणी आजारी आहे.

त्यानंतर दृष्टांताने बाबांचं काही एक ऐकलं नाही. गोठ्यामागच्या उत्तम जमिनीत भात भसाभस उगवलं आणि एका आठवड्यात खेकड्यांनी बुडख्यापासून कातरून ठेवलं. त्याच खेकड्यांचं आईने कालवण केलं, म्हणून मी पुष्कळ जेवले. बाबांनी ताट सरकवलं. करवंदीच्या जाळीत तर याहून वाईट घडलं. बाबा धसईच्या बाजाराला गेले होते. परत येऊन बघतात तो जाळी तोडून साफ केलेली, आणि मधोमध भाताची रोपं हिरवीगार, वाऱ्यावर डुलताहेत. बाबा कुंपणापाशी जाऊन ओरडले, "धोंडू, हे तू केलंस?"

"व्हय. कोयता हातात व्हताच."

"अरे, पण ते काट्यांत मरायला हवं होतं!"

धोंडूकाका काम सोडून उभे राहिले. "उगावलेलं बी मरू द्यायचं? डोल्यांदेखत?" त्यांना खरंच समजेना. आमच्या गावात दुसऱ्याचं जनावर शेतात शिरलं तर लोक शिव्या देतील, बांधावरून डोकी फोडतील. पण उगवलेलं रोप, मग ते कुणाचंही असो, कुणी मरू देत नसे. "मास्तर, तुमचा राग आमाला कलतो. पन भातावर कशाला काढता?"

त्या दिवशी जेवताना बाबा नुसती भाकरी कुस्करत होते. मी गप्प बसायला हवं होतं, पण मी गप्प कधी बसले आहे? मी म्हटलं, "बाबा, खडकावरचं भातसुद्धा हिरवं आहे." आणि ते होतंच. पाऊस एकसारखा कोसळत होता, ऊन नावालाही नव्हतं. चार बोटं मातीत रोपं झकास उभी होती. बाबांनी मान वर केली. "ऊन पडू दे," ते म्हणाले.

"आणि ऊन पडूनही नाही वाळलं तर?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चार जागांपैकी दोन गेल्या होत्या, आणि ते चिडले होते, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. "पाद्रीबाबा येईतो ते भात टिकलं, तर मी त्यांना सांगेन की माझी मुलगी तयार आहे. आणि वाळलं तर पुन्हा हा विषय घरात नाही." आई हातातला डाव तसाच धरून म्हणाली, "अहो, पोरीचं आयुष्य ते, चिंचोके नव्हेत." पण बाबांनी शब्द दिला होता, आणि ते दिलेला शब्द कधी मोडत नसत. त्यांचा हा गुण सगळे वाखाणायचे. वाखाणणाऱ्यांना त्यांच्या घरात राहायचं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. पाऊस चालू असेतो खडकावरचं भात सुरक्षित होतं, पण पाऊस चालू असेतो नद्या भरलेल्या आणि पाद्रीबाबांचं तट्टू इकडे येणं शक्य नाही. उघडीप मिळाली तरच ते येणार, आणि उघडीप मिळाली की खडक तापणार. मी सकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटून बसे आणि देवाकडे पाऊस मागावा की ऊन, तेच ठरत नसे. खलाशांची काळजी करणाऱ्या माणसाच्या मुलीला स्वतःसाठी काय मागायचं ते कळू नये, याचा मला इतका संताप येई की मी शेवटी काहीच मागितलं नाही. नारळी पौर्णिमेच्या अलीकडे आभाळ उघडलं. असं लखलखीत ऊन पडलं की ओल्या भिंतींतून वाफ निघायला लागली. गाव सुखावलं, बायकांनी गोधड्या वाळत घातल्या, आणि खडकावरच्या भाताची पानं दुपारपर्यंत सुरळीसारखी वळली. बाबा तिकडे एकदा बघून आले. आणि स्वस्थ जेवायला बसले. त्यांचं ते स्वस्थ जेवणं अजून माझ्या डोळ्यांसमोर आलं की मला हातातलं काहीतरी आपटावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर कपडे धूत होते. बाबा शेजारच्या पाड्यावर गेले होते. आई मागच्या दाराने बाहेर आली, हातात पातेलं, आणि सरळ खडकापाशी जाऊन तिने ते रोपांच्या बुडाशी हळूहळू रितं केलं. तांदळाचं धुवण होतं. मी धावत गेले. "आई, असं चालत नाही! बाबांनी पाहिलं तर सगळं रद्द होईल."

"मी धुवण ओततेय. रोजच ओतते."

"खडकावर?"

"कुठं ओतायचं ते आता मी तुम्हाला विचारायचं का? पैज तुमच्या दोघांची. मला कुणी विचारलं होतं?" आणि ती पातेलं घेऊन आत गेली. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, सुकट धुतलेलं पाणी, सकाळ-संध्याकाळ ती काही ना काही ओतत राहिली. बाबा घरात आहेत की नाहीत हेही ती बघत नसे. बाबाच मागच्या दारी येत नसत, म्हणून त्यांना दिसलं नाही इतकंच. मला दोघांचाही राग आला होता. एकाने माझं आयुष्य चार बोटं मातीवर ठेवलं होतं, आणि दुसरी त्यावर सुकटीचं पाणी ओतत होती.

पाद्रीबाबा आले ते तट्टूवरून, गुडघ्यापर्यंत चिखलात. साधा, जाडसर माणूस, मिशीला नेहमी चहाचा थेंब. त्यांनी चहा घेतला, शमुवेलला दहा आज्ञा विचारल्या, त्याला सहा आल्या, तरी त्याचं कौतुक झालं. मग बाबांनी आपणहून त्यांना पैजेची सगळी हकीकत सांगितली, एक अक्षर न लपवता, आणि आम्ही सगळे परसात गेलो. कुंपणापलीकडे धोंडूकाका आणि ठमाकाकू येऊन उभे होते. खडकावर भात उभं होतं. काही पानांची टोकं पिवळी पडली होती, पण उभं होतं. बाबा वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "याला सुकटीचा वास येतोय."

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते.

"पाणी कुणी घातलं?" बाबांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"अगं, तो दृष्टांत आहे!" बाबांचा आवाज चिरकला. "त्यात पेरणारा आहे, बी आहे, जमीन आहे. पाणी घालणारं त्यात कुणीही नाही!"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. ती पाद्रीबाबांसमोर कधी बोलत नसे; पदर सारखा करून ती बाबांकडेच बघत बोलली. "ही वाट, ही झुडपं, हा खडक, असं तुम्ही वर्षानुवर्षं सांगत आलात. पोरीला कळायला लागल्यापासून ती खडक. बरं, असेल खडक. मग तांब्याभर पाणी घालायला काय झालं होतं?"

ठमाकाकू पलीकडून "व्हय गो बाय" असं काहीतरी म्हणाली, तिला धोंडूकाकांनी कोपराने गप्प केलं. पाद्रीबाबांनी रुमालाने मिशी पुसली. "उपदेशक," ते म्हणाले, "पैज तर मोडली. मला पुढं जायचंय. तुम्ही आपलं मत सांगा. मुलगी तयार आहे का?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. गेले कित्येक दिवस मी ती जुळवत होते. बाबा "नाही" म्हणाले की मी काय काय म्हणणार, शमुवेलच्या झोपेपासून खेकड्यांपर्यंत, सगळं पाठ होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं ओळखून नव्हे, जरा गोंधळून. "मला माहीत नाही, पाद्रीबाबा," ते म्हणाले. "मी गावभर लोकांच्या मनाची जमीन सांगत फिरतो. हिची मी कधी खणून बघितलेली नाही. वरूनच सांगत आलो." मग घसा साफ करून म्हणाले, "पाठवा तिला. जिथं कुणी खणून बघेल, तिथं जाऊ दे."

झालं. एवढंच. मला बोर्डिंग मिळालं आणि मी भर परसात भोकाड पसरलं. आनंदाने नव्हे. मला असा राग आला होता की सांगता सोय नाही. माझं सगळं भांडण त्यांनी दोन वाक्यांत हिरावून घेतलं होतं. "आता का रडतेस? मिळालं ना?" आई म्हणाली. मी म्हटलं, "हे त्यांना आधी नसतं का म्हणता आलं?" पुढे मी शिक्षिका झाले, तीच गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली, पोरांना कधी जमिनी वाटून दिल्या नाहीत, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही आणि तो रागही पुरता गेलेला नाही.

पाद्रीबाबांचं तट्टू वळणाआड गेलं. उन्हं अजून कलायची होती. बाबा विहिरीवर गेले, कळशी भरली आणि ती खांद्यावर घेऊन खडकापाशी आले. आता त्या भाताचं कुणाला काही नव्हतं. त्यांनी कळशी कलती केली ती अशी, की पाण्याचा लोंढाच रोपांवर पडला आणि चार-सहा रोपं मातीसकट घसरून खाली आली.

"अहो, हळू! मुळं उघडी पडली!" आई पायरीवरून ओरडली.

मला वाटलं, आता ते तिला काही तरी ऐकवतील, काट्यांविषयी, संसाराच्या चिंतांविषयी. बाबा अर्धी कळशी हातात धरून उभे राहिले. सदरा पुढून सगळा भिजला होता. मग ते म्हणाले, "मग कसं घालायचं? दाखव."

मी त्या घरात जन्मल्यापासून बाबांनी आईला कधी काही दाखव म्हटलेलं नव्हतं. आई पायरीवरच थांबली. तिने मागे वळून बघितलं, तिथं आणखी कुणी उभं आहे का म्हणून, आणि मग विचारलं, "कोण, मी?"